भूलचूक देणे-घेणे

आमच्या छापखान्यात एक नंबरिंग मशीन आहे. लोखंडी, हातात मावेल एवढं, वर काळी मूठ. मूठ दाबली की खालच्या कागदावर आकडा उमटतो आणि आतलं चाक एक घर पुढं सरकतं. टक्, ००१. टक्, ००२. बाजूला छोटा खटका आहे. तो एकावर ठेवला की दर दाबाला आकडा बदलतो. दोनावर ठेवला की एकच आकडा दोनदा उमटतो, एकदा मूळ बिलावर आणि एकदा खालच्या गुलाबी प्रतीवर. लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत मला हेच काम असायचं. पन्नास बिलांचं एक पुस्तक, पुस्तकामागं पंचवीस पैसे. हात इथं चालायचा आणि डोकं रंकाळ्यावर असायचं. मशीन मध्येच अडकायचं आणि एकच आकडा चार कागदांवर उठायचा.

अण्णा, म्हणजे माझे वडील, तयार पुस्तक हातात घेऊन अंगठ्याखालून फर्रकन पानं सोडायचे. त्या अंगठ्याला चूक कशी सापडायची देव जाणे, पण सापडायची. ओरडायचे नाहीत. पेन घेऊन आकडा दुरुस्त करायचे आणि पुस्तक माझ्यापुढं धरून म्हणायचे, "खाली लिहिलंय म्हणून वाचलास."

खाली लिहिलेलं असायचं: भूलचूक देणे-घेणे.

एवढी एक ओळ अण्णांनी कधी कुणाच्या बिलावरून गाळली नाही. वर मधोमध 'श्री अंबाबाई प्रसन्न', त्याखाली दुकानाचं नाव, उजवीकडं खाली 'करिता' आणि सहीची जागा. डावीकडं 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' आणि त्याच्याही खाली, सगळ्यात बारीक खिळ्यांत, हे. या दोन ओळींचं आपसात भांडण आहे असं मला वाटायचं. एक म्हणते परत घेणार नाही, दुसरी म्हणते चुकलं असेल तर बघू की. पुढं धंद्यात पडल्यावर कळलं की दुकानदार पहिली वाचतो आणि गिऱ्हाईक दुसरी.

आमचा छापखाना कोल्हापूरच्या शाहूपुरीत, जयंती नाल्याकडच्या उतारावर. लग्नपत्रिका, कॅलेंडरं, वास्तुशांतीची आमंत्रणं हे सगळं आम्ही छापलं, पण घर चाललं ते बिलबुकांवर. गुळाचे अडते, गुजरीतले सराफ, हुपरीचे चांदीवाले, उद्यमनगरातले लेथवाले, पापाच्या तिकटीजवळचे चपलांचे दुकानदार, सगळ्यांची बिलं आमच्याकडं. आणि बिलबुकाचा धंदा असा की सरकारनं कर बदलला की आमच्याकडं सराई. लग्नाला निदान मुहूर्त बघावा लागतो.

आजोबा सांगायचे, १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले आणि बिलावरची 'रु. आ. पै.' ही तीन घरं जाऊन दोन घरं झाली. आख्ख्या बाजाराची बिलं एका रात्रीत जुनी झाली. मग १९५९ चा विक्रीकराचा कायदा आला आणि बिलावर नंबर आला. २००५ च्या एप्रिलमध्ये व्हॅट आला, सत्तावीसनं सुरू होणारा आणि शेवटी व्ही असलेला टिन नंबर आला. मध्ये जकात गेली आणि एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आला, त्यावर मोर्चे निघाले. २०१५ च्या १ ऑगस्टला बहुतेक व्यापाऱ्यांपुरता तोही गेला. जकात जाऊन इतकी वर्षं झाली तरी शिरोली नाका म्हटलं की कुणाला पत्ता समजावून सांगावा लागत नाही. कर जातो, नाका राहतो. प्रत्येक बदलाला अण्णा शाईचे दोन डबे जादा मागवायचे आणि म्हणायचे, "सरकारला आपली काळजी आहे."

या सगळ्या सराईंची सराई म्हणजे २०१७ चा जून. १ जुलैपासून जीएसटी. शेवटचे दहा दिवस आम्ही दोन पाळ्यांत मशीन चालवलं. दारात रांग, आत कागदाचे ढीग, मधल्या स्टुलावर अण्णा प्रुफं तपासतायत. नियम असा की माल विकणाऱ्याला बिलाच्या तीन प्रती हव्यात: एक घेणाऱ्याची, एक वाहतूकदाराची, एक आपली. सेवा देणाऱ्याला दोन पुरतात. नंबरिंग मशीनचा खटका दोनावरून तीनावर गेला. मला तर जीएसटी म्हणजे हा खटका, असंच बरेच दिवस वाटत होतं.

नवा नंबर पंधरा अक्षरांचा. सुरुवातीला सत्तावीस म्हणजे महाराष्ट्र, मग मालकाचा पॅन, मग एक आकडा, मग झेड, आणि शेवटी एक तपासणीचं अक्षर, जे आधीच्या चौदांवरून गणितानं निघतं. म्हणजे नंबर लिहिताना चुकलात तर नंबरच तुमची चुगली करणार. असा चुगलखोर नंबर आम्ही याआधी छापला नव्हता. तीन दिवसांत मी एक गोंधळ केलाच. हुपरीच्या एका गिऱ्हाइकाचा नंबर फोनवर उतरवून घेतला आणि शून्याच्या जागी इंग्रजी ओ टाकला. वीस पुस्तकं छापून, शिवून, पुठ्ठे चिकटवून गेली. चौथ्या दिवशी ते गृहस्थ पुस्तकांचा गठ्ठा घेऊन दारात. पुण्याच्या पार्टीनं बिल परत पाठवलं होतं. तेव्हा मला कळलं की पॅनमध्ये आधी पाच अक्षरं, मग चार आकडे, मग एक अक्षर असतं. कितवी जागा आहे ते बघितलं असतं तर ओ की शून्य हा प्रश्नच नव्हता.

"अण्णा, खाली लिहिलंय की," असं मी हळूच म्हणून बघितलं.

"ते तुझ्या-माझ्यात," अण्णा म्हणाले. "ह्यात तिसरा आलाय आता."

वीसच्या वीस पुस्तकं पुन्हा छापली, पदरचे पैसे घालून.

त्याच आठवड्यात एक मिसळवाले आले. त्यांनी कम्पोझिशन घेतलं होतं, म्हणजे ठरावीक टक्के कर आपल्या खिशातून भरायचा आणि गिऱ्हाइकाकडून वेगळा घ्यायचा नाही. छोट्या माणसाला सोयीची गोष्ट. पण अशा माणसाच्या बिलावर इंग्रजीत एक वाक्य छापावंच लागतं, की हा कम्पोझिशनवाला आहे आणि कर गोळा करायला 'नॉट एलिजिबल' आहे. मी प्रूफ दाखवलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं, पुन्हा वाचलं, मुलाला बोलावून अर्थ विचारला.

"नॉट एलिजिबल? आमी?"

"तसं नव्हे हो, कायद्याची भाषा आहे."

"तीन पिढ्या कट वाढतोय. सकाळी सातला रांग लागते. आन् आमच्याच बिलावर आमी लायक न्हाई म्हणून छापायचं, ते बी आमच्याच पैशानं?"

त्यांना समजवायला अर्धा तास गेला. शेवटी ती ओळ भूलचूकच्या शेजारी, तेवढ्याच बारीक खिळ्यांत टाकायची यावर तडजोड झाली. आजही त्यांच्याकडं मिसळ खाताना मी बिल उलटं ठेवतो.

आता दुसऱ्याची बिलं छापणाऱ्यालाही स्वतःचं बिल फाडावं लागतं. त्यातनं मी काय करतो हा प्रश्न निघाला. मी माल विकतो की सेवा करतो? इतकी वर्षं मला वाटत होतं मी छापतो. २० ऑक्टोबर २०१७ ला यावर केंद्राचं एक परिपत्रकच निघालं. गिऱ्हाइकानं मजकूर दिला आणि तुम्ही पुस्तक, पत्रक किंवा माहितीपुस्तिका छापून दिलीत, तर ती मुख्यतः छपाईची सेवा. पण गिऱ्हाइकाचं नाव-चिन्ह घालून पाकीट किंवा खोकं छापून दिलंत, तर तो माल. म्हणजे एकाच माणसानं सकाळी गणपतीच्या वर्गणीचं पत्रक नेलं आणि दुपारी त्यासाठी पाकिटं नेली, तर सकाळी मी त्याची सेवा केली आणि दुपारी त्याला माल विकला. बायकोला हे वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आणि मी डबा पाठवते तो काय?" परिपत्रकात त्याबद्दल काही नव्हतं.

सराई ओसरली आणि मग लक्षात आलं की ती शेवटची होती. व्हॅट आला तेव्हा लोकांनी नवी पुस्तकं छापून घेतली. जीएसटी आला तेव्हाही घेतली. पण ती संपल्यावर कुणी परत आलं नाही. एकेक गिऱ्हाईक टॅलीवर गेलं, कुणी मोबाईलवरच बिल करून व्हॉट्सॲपवर पाठवायला लागलं. गूळबाजारातले एक अडते तर आमच्याच दारात उभं राहून फोनवर बिल करून दाखवायचे, आणि वर विचारायचे, "काय, छान आहे की नाही?" छान होतं. बेरीज चुकत नव्हती. खालची ओळ तेवढी नव्हती. तिथं 'कॉम्प्युटर जनरेटेड, सहीची गरज नाही' असं होतं. सही नको म्हणजे चुकलं तर कुणाकडं बोट दाखवायचं, एवढंच मला विचारायचं होतं, पण गिऱ्हाइकाशी वाद नको.

आमचाही हिशेब मग संगणकावर गेला. आणि विवरणपत्रं. जीएसटीचा मूळ बेत मोठा देखणा होता: महिन्याला तीन पत्रं, १०, १५ आणि २० तारखेला. पहिल्यात तुम्ही काय विकलंत, दुसऱ्यात काय घेतलंत, तिसऱ्यात दोहोंचा मेळ. सुरुवातीला लोकांची तारांबळ उडेल म्हणून एक सुटसुटीत तात्पुरतं पत्र काढलं, त्याचं नाव ३बी. काही महिन्यांतच दुसरं आणि तिसरं बाजूला ठेवलं गेलं आणि तात्पुरतं ३बी जे बसलं ते अजून बसलंय. कोल्हापुरात पाहुणा 'एक रात्र राहतो' म्हणून येतो आणि तांबडा-पांढरा बघून चार दिवस राहतो, त्यातली गत.

या पत्रांनी आमच्या बोलण्याची रीतही बदलली. पूर्वी कागदवाल्याचा फोन आला की पाऊसपाणी, पोरीचं स्थळ, मग कागदाचा भाव. आता पहिलं वाक्य, "तुमचं १ भरलं का?" कारण त्यानं आपलं विक्रीचं पत्र भरल्याशिवाय त्यानं घेतलेला कर माझ्या खात्यात वजावटीसाठी दिसत नाही. त्याचं पत्र उशिरा तर माझे पैसे लटकले. आता तर पोर्टलवर त्याची बिलं समोर येतात आणि प्रत्येकापुढं तीन पर्याय असतात: स्वीकारा, नाकारा, प्रलंबित ठेवा. पाटावर बसलेल्या नवऱ्या मुलासारखी बिलं रांगेत बसलेली असतात. मी बहुतेकांना स्वीकारतो. काहींना प्रलंबित ठेवतो. नाकारायला मन होत नाही. तीस वर्षांचा संबंध आहे.

अण्णांचा या सगळ्याशी संबंध एवढाच की छापखाना त्यांच्या नावावर आहे. पॅन त्यांचा, म्हणून नंबर त्यांचा, म्हणून ओटीपी त्यांच्या फोनवर. अण्णा आता ८४ वर्षांचे आहेत आणि संध्याकाळी रंकाळ्यावर असतात. आम्ही तीन महिन्यांचं पत्र एकदम भरणारे. आमची मुदत तिमाही संपल्यावर २२ तारखेची. आणि २२ तारीख उजाडल्याशिवाय आमच्या घरात कुणाला बिलं सापडत नाहीत.

गेल्या वर्षीची गोष्ट. सीएच्या ऑफिसातली मुलगी संगणकापुढं, मी तिच्या शेजारी, अण्णा पलीकडं रंकाळा चौपाटीवर, तिघं एका फोनवर.

"आजोबा, ओटीपी आला का?"

"आला. घे लिहून. एकोणसाठ, त्रेसष्ट, एकोणऐंशी."

मुलीनं माझ्याकडं बघितलं. "एकोणसाठ म्हणजे सिक्स्टी नाईन ना?"

मी सांगेपर्यंत तिनं घातलं होतं. चूक. दुसरा ओटीपी आला. "शहाण्णव, सत्तेचाळीस, त्र्याऐंशी." सत्तेचाळीस तिला येत होतं, स्वातंत्र्यामुळं. बाकीचे दोन्ही गेले. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' अशी संख्या वाचायची रीत आली होती, तेव्हा याच अण्णांनी चहाच्या गाडीवर अर्धा तास भाषण केलं होतं की मराठी संपली, त्र्याण्णव गेलं, आता उरलं काय. तिसरा ओटीपी आला तेव्हा मी त्यांना म्हटलं, "अण्णा, एकेक आकडा सुटा सांगा." त्यांनी श्वास घेतला आणि सगळ्या चौपाटीला ऐकू जाईल असा एकेक आकडा उच्चारला. फोनमधून भेळवाल्याचाही आवाज आला, "आजोबा, ओटीपी असा वरडून सांगू नगासा, कोन तरी पैसं काढील."

"काढू दे," अण्णा म्हणाले. "हा पैसे भरायचा आहे."

पत्र गेलं. रात्री जेवताना ते एवढंच बोलले, "नव्वद आणि सहा म्हटलं असतं तर चाललं असतं, नाही?" भाषण मागं घेतलं असं त्यांनी म्हटलं नाही, मीही विचारलं नाही.

मी कुरकुरतो, पण या पोर्टलचं एक देणं मला लागतं. २०१९ चा ऑगस्ट. पंचगंगेची धोक्याची पातळी राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. नाल्याचं पाणी उलटं फिरून शाहूपुरीत शिरलं आणि छापखान्यात छातीइतकं चढलं. आठवड्यानं शटर उचललं तेव्हा कागद नावाची वस्तू आत नव्हती, लगदा होता. संगणक टेबलाखाली होता. त्याची नक्कल काढून ठेवलेला पेनड्राइव्ह टेबलाच्या खणात होता. माझी सुरक्षा व्यवस्था एवढीच: एक प्रत टेबलाच्या खाली, एक टेबलाच्या आत.

लाकडी कपाटात आजोबांपासूनच्या कीर्द-खतावण्या होत्या. जमा-नावेची, लाल कापडी बांधणीची जाड बाडं, सुरुवातीची मोडीत. कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात मोडीचे रुमालच्या रुमाल नीट बांधून ठेवलेले आहेत. आमचे कुणी रुमालात बांधले नव्हते. जीएसटीच्या कायद्यानं हिशेब ठेवायचे ते वार्षिक पत्राच्या मुदतीपासून ७२ महिने. अण्णा पासष्ट वर्षं ठेवून होते. पंचगंगेनं दोन्ही आकडे वाचले नाहीत. गच्चीवर दोऱ्या बांधून आम्ही पानं वाळत घातली. पानं वाळली, पण दौतीची शाई पसरून सगळीकडं एकसारखा निळा ढग. फक्त पेन्सिलीनं लिहिलेलं तेवढं शाबूत. पेन्सिलीनं आजोबा कच्चं लिहायचे, ज्याचं देणं नक्की झालेलं नाही ते. म्हणजे तीन पिढ्यांच्या हिशेबातनं उरली ती फक्त संशयाची रक्कम.

मग मी सीएकडं गेलो. त्या मुलीनं पोर्टल उघडलं आणि २०१७ च्या जुलैपासूनचं एकूण एक भरलेलं पत्र समोर आलं. कोरडं, स्वच्छ, पैशापर्यंत. वह्या वाहून गेल्या आणि ज्या तिसऱ्याच्या नावानं मी बोटं मोडत होतो त्याच्याकडं माझा हिशेब सुखरूप निघाला. एवढंच नव्हे, पूर आलेल्या जिल्ह्यांना जुलैचं ३बी भरायला २० सप्टेंबरपर्यंत मुदतही मिळाली होती, आणि यादीत कोल्हापूरचं नाव होतं. अण्णांनी ती यादी माझ्याकडून दोनदा वाचून घेतली.

"म्हणजे खाली लिहिलेलं असतं त्याच्या बी," ते म्हणाले.

तसं म्हटलं तर असतंच. चुकीचं बिल पुढच्या पत्रात दुरुस्त करता येतं. फक्त त्याला तारीख आहे: आर्थिक वर्ष संपलं की त्यानंतरचा ३० नोव्हेंबर. हे ऐकल्यावर अण्णांचा चेहरा बघण्यासारखा झाला. भूलचुकीला मुदत ही कल्पनाच त्यांना पटेना. हुपरीच्या एकाचे साडेसातशे रुपये आमच्याकडून जास्त घेतले गेले होते, ते अण्णांनी एकोणीस वर्षांनी, त्याच्या मुलीच्या लग्नात आहेराच्या पाकिटात वेगळे घालून दिले होते. पोर्टलच्या हिशेबानं ते कधीच बाद झालेले.

पुढच्याच वर्षी टाळेबंदी. लग्नं नाहीत, दुकानं नाहीत, बिलं कुठली? तरी पत्र भरावंच लागतं. काही विकलं नाही हे कळवलं नाही तर रोजचे २० रुपये दंड. जून २०२० मध्ये अशा शून्य पत्रासाठी एक सोय आली: १४४०९ वर एसएमएस करायचा, 'निल', ३बी, आपला नंबर, महिना. उलट एक कोड येतो, तो पाठवून होकार द्यायचा. मी बंद शटरच्या आत स्टुलावर बसून तो एसएमएस केला. महिनाभरात काहीही घडलं नाही, हे मी सरकारला रीतसर कळवलं आणि सरकारनं पोच दिली. त्या दिवसांत मला आलेला दुसरा एकही संदेश इतका शांत नव्हता.

अलीकडं छापखान्यात येऊन बसणारे म्हणजे चपलेवाले मामा. अण्णांचे मित्र, सत्तरीचे. पापाच्या तिकटीजवळ छोटं दुकान, मागं स्वतः बसून चामडं कापतात. त्यांच्या दुकानातलं यूपीआयचं डबडं मोठ्यानं पैसे आल्याची वर्दी देतं, आणि मामांना त्याची धास्ती. जुलै २०२५ मध्ये बंगळुरात छोट्या दुकानदारांना यूपीआयच्या जमेवरून जीएसटीच्या नोटिसा गेल्या आणि कितीतरी दुकानांवर 'यूपीआय नाही, फक्त रोख' अशा पाट्या लागल्या. कागल ओलांडलं की कर्नाटक. मालासारखं भीतीला कुठलं ई-वे बिल लागतं? ती दोन दिवसांत पापाच्या तिकटीवर हजर. मामांनी डब्यावर आधी फडकं टाकलं, मग उशी.

"मामा, वर्षाला विक्री किती?"

"असंल की धा-बारा लाख."

"मालाला मर्यादा चाळीस लाखांची आहे. तुम्हाला नंबरच लागत नाही. उशी काढा."

मग मी त्यांना आयकराची गोष्ट सांगितली. ४४एडी या नावानं ओळखली जाणारी एक सोय आहे. छोट्या धंदेवाल्यानं जाड खतावण्या ठेवायच्या नाहीत, उलाढालीच्या आठ टक्के नफा धरायचा, आणि बँकेतून वा यूपीआयनं आलेल्या रकमेवर सहाच टक्के. म्हणजे डबडं ओरडतं ते मामांच्या फायद्याचंच. मामांनी तंबाखू मळायची थांबवली.

"म्हंजी नफा सरकारच ठरवणार?"

"अंदाजानं."

"पन्नास वर्षं चामडं कापतोय, मला माझा नफा किती ते कधी गावलं न्हाई. त्यास्नी दिल्लीत बसून आठ टक्क्यानं गावला?" मग थोडं थांबून, "आन् डबडं वरडलं की सहा. वरडण्याचं दोन टक्के कमी व्हय. बरं हाय."

डबडं आता उघडं आहे. पण मामांना बिल हवं ते कागदाचंच. परदेशात असलेलं कुणी सुट्टीत येतं, चार जोड नेतं आणि आठवण म्हणून बिल मागतं, तेव्हा मोबाईलवरचं कसं द्यायचं, हे त्यांचं म्हणणं. परवा त्यांनी दोन पुस्तकांची ऑर्डर दिली. वर्षाकाठी अशी चार-पाच येतात आता. ऑफसेटवर छापून घेतली, पण नंबर हातानं घालायचा म्हणून कपाटातून मशीन काढलं. शिवणयंत्राचं तेल घातलं, खटका दोनावर केला. मामा समोर, अण्णा स्टुलावर, मी मूठ दाबतोय. टक्, टक्, ००१. टक्, टक्, ००२. छत्तीस, सदतीस. मामा डबड्याचं काहीतरी सांगत होते, आम्ही हसलो, हात चालू राहिला.

अण्णांनी पुस्तक घेतलं, अंगठ्याखालून पानं सोडली. मध्येच अंगठा थांबला. ०३८ चार कागदांवर होता.

मी दुसरी पानं छापायला उठलो. मामांनी पुस्तक अण्णांच्या हातातून काढून घेतलं, शेवटची ओळ बोटानं चाचपून बघितली आणि पिशवीत टाकलं.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "खाली लिवलंय की."